मोकळा काठ

कोकबेल, ६ सप्टेंबर २००२

लाडक्या वन्सं,

फोन लागत नाही म्हणून आमच्यावर रागावू नका. फोनच नाही. टेकडीपलीकडच्या खांबांवरच्या तारा पुन्हा कुणीतरी कापून नेल्या. तांबं विकतात म्हणे. तुमचे दादा म्हणतात, एलेमेस साहेबाने तुमच्या अल्माटीत संग्रहालय बांधलं ते तांब्याच्याच पैशावर, तेव्हा आपल्या तारा आता त्याच्याच कुठल्यातरी भिंतीत असणार. आईंसमोर हे बोलायची सोय नाही. त्यांच्या लेखी तो देवमाणूस.

काम आईंचंच आहे. मे महिन्यात साहेब आपल्याकडे चहाला थांबले होते, ते तुम्हाला मी घाईघाईत सांगितलं होतं. आईंनी नेमका त्या दिवशी तुमच्या लग्नात पलंगामागच्या भिंतीवर लावायला भरतकाम करून शिवलेला तुसकीझ उन्हात टाकला होता. साहेब दोरीसमोर उभेच राहिले. मेंढ्याच्या शिंगांच्या नक्षीवरून, लाल साखळी टाक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आई, मी जगभरची चित्रं आणलीत, पण असं माझ्याकडे काही नाही." झालं. पाहुण्याने एवढं तोंड भरून कौतुक केल्यावर आई वस्तू घरात ठेवतील का? तिथल्या तिथे घडी घालून हातात दिला. मी नंतर म्हटलं, वन्संना विचारायला हवं होतं. तर म्हणाल्या, "पेटीत कसर खाते त्याला. नवऱ्याच्या पलंगामागे नाही लागला तर तिच्या शहरातल्या भिंतीवर तरी लागेल. तिला वाटेल तेव्हा जाऊन बघेल." साहेबांकडून मात्र एक कबुली घेतली, खालचा काठ आहे तसा मोकळा राहू दे. साहेबांनी छातीवर हात ठेवून हो म्हटलं.

आता आईंना स्वप्न पडलंय. तुम्ही नवा झगा घालायला घेताय आणि त्याला डोकं घालायला जागाच नाही, चारी बाजूंनी शिवलेला. तेव्हापासून एकच धोशा, झांगुलला लिही, जाऊन बघून ये म्हणावं. या उन्हाळ्यात त्यांचं खाणंही उतरलंय. शुक्रवारी गेलेल्यांच्या नावाने मी पोळ्या तळते, तर त्या नुसत्या वासानेच तोंड फिरवतात. माझ्या हाताला चव नाही म्हणतात.

बसच्या ड्रायव्हरबरोबर कुर्त पाठवलाय, यंदा दह्याचे गोळे चांगले कडक वाळलेत. सगळा शाळेत वाटून टाकू नका.

तुमची वहिनी
बातिमा


अल्माटी, १५ सप्टेंबर

वहिनी,

कुर्त मिळाला. शाळेतल्या बायकांनी एकेक गोळा तोंडात टाकला आणि दिवसभर कुणाला बोलता आलं नाही, स्टाफरूममध्ये एवढी शांतता मी कधी पाहिली नव्हती.

आईला सांग, मी गेले होते. दाढेसाठी दवाखान्यात जायचंच होतं, तिथून सरळ गेले. इमारत पांढरीशुभ्र आणि आतून इतकी थंड की मला स्वेटर घालावा लागला. पहिल्या दालनात एक चित्र आहे, सगळं निळं आणि मधोमध एक लाल रेघ. दुसऱ्या दालनात चहाचं पाणी उकळायचे चेपलेले समोवार तारांनी छताला टांगलेत. तिसऱ्यात आईचा तुसकीझ. अख्ख्या भिंतीवर तो एकटा, वर दिवा. एका म्हाताऱ्या रशियन माणसाने त्याच्यासमोर टोपी काढली. आईला हे नक्की सांग, तिला आवडेल.

इथे थांब वहिनी. पुढचं मनात वाच.

खालचा काठ बंद केलाय.

मी वरून खाली बघत आले, आपण सगळे बघतो तसंच, म्हणून आधी लक्षात आलं नाही. दोन्ही बाजूंच्या काळ्या मखमली पट्ट्या खाली उतरतात, आणि खाली जिथे साधं कापड सुटं असायचं तिथे आता तशीच काळी पट्टी आहे. तिच्यावर शिंगं भरलेली, लाल दोऱ्याने, इतकी सफाईदार की आई स्वतःही फसली असती. चौकट पूर्ण झालीय.  वहिनी, मी मुलांना भूगोल शिकवते. उल्का कशा पडतात, भूकंप कसा होतो ते सांगते. पण त्या भिंतीसमोर मला एवढंच आठवत होतं की लहानपणी मी आईला विचारलं होतं, खालचं कधी पुरं करणार, आणि तिने माझ्या तोंडावर हात ठेवला होता. पुरं झालं की आयुष्य पुरं झालं, असं पुन्हा म्हणू नकोस, म्हणाली होती.

मी चौकीदाराला विचारलं, हे कुणी केलं? त्याने आतून एका बाईंना बोलावलं. मेरुएर्त त्यांचं नाव. जुनी कापडं दुरुस्त करतात. उत्तरेकडच्या शहरात, वसतिगृहात वाढलेल्या. त्यांना वाटलं मी कौतुक करायला बोलावलंय. म्हणाल्या, "जुलै सगळा यातच गेला. इतकं सुंदर काम आणि खाली अर्धवट. मला वाटलं, बिचारी पुरं करायच्या आधीच गेली. कुणीतरी पुरं करायला हवं ना? नाव कुणी सांगितलं नाही, म्हणून शुक्रवारी माझ्या गेलेल्या आईवडिलांबरोबर 'शिवणाऱ्या आईच्या नावाने' म्हणून तिच्याही पोळ्या करते."

मी म्हटलं, "ती कोकबेलला आहे. रोज गाय पिळते."

त्या बाईंचा चेहरा असा पांढरा पडला की मीच त्यांना धरून स्टुलावर बसवलं. 

आईला यातलं अक्षर कळता कामा नये.

झांगुल


कोकबेल, २४ सप्टेंबर

वन्सं,

तुमचं पत्र मी आईंना वाचून दाखवत होते आणि "इथे थांब" पर्यंत आले. बरं झालं त्यांची नजर अधू आहे, नाहीतर माझं तोंड बघूनच त्यांना कळलं असतं. मी तशीच पुढे मनाने जोडत गेले, झांगुल मजेत आहे, झांगुलला सगळं आवडलं, झांगुल सलाम सांगते. मग आत जाऊन पुन्हा वाचलं आणि पिठाच्या पोत्यावर बसूनच राहिले.

जुलै म्हणालात ना? आई शुक्रवारच्या जेवणावरून उठायला लागल्या त्या जुलैतच. इतके दिवस मी माझ्या तळणाला दोष देत होते, आणि तिकडे एक बाई दर शुक्रवारी जित्या माणसाला मेलेल्यांच्या पंगतीत बसवत होती! तुमच्या दादांना सांगितलं तर आधी हसले. मग गोठ्यात गेले आणि तिथेच बसले. जेवायला हाक मारली तर म्हणाले, भूक नाही.

त्यात कालपासून आईंना खोकला लागलाय. तुम्हाला सांगणार नव्हते. अंगही कोमट लागतं. मी डोक्यावरून मीठ ओवाळून चुलीत टाकलं तर तडतडलं नाही, म्हणजे काय समजायचं? वन्सं, मला फार भीती वाटते. त्या खोकल्या की मी दारात जाऊन उभी राहते, आत जायचा धीर होत नाही.

तुम्ही शिकलेल्या आहात, शहरात राहता, चार लोक ओळखता. कात्री घ्या आणि जा. कुणी अडवलं तर भांडा, भांडण तुम्हाला येतं.

आणि दाढ म्हणालात, कुठली दाढ? दोन वर्षांपूर्वी तुम्ही सगळ्या दाढा काढून घेतल्या तेव्हा मीच तर तिथे येऊन राहिले होते.

बातिमा


अल्माटी, ३ ऑक्टोबर

वहिनी,

तुझ्यापासून काही लपवायचं म्हणजे कर्मकठीण.

आधी काठाचं सांगते. मेरुएर्तबाई त्याच दिवशी उसवायला तयार होत्या, सुई हातात घेऊनच आल्या होत्या. पण संचालिकाबाईंनी अडवलं. संग्रहातली वस्तू, साहेबांना विचारल्याशिवाय एक टाका हलणार नाही. साहेब परदेशात, या महिन्याच्या मध्यावर येणार. मी खूप बोलले. आवाज चढवला. त्यांनी मला नखशिखांत बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही शिक्षिका ना? मग असल्या भाबड्या गोष्टी?" मला लाजच वाटली. मग त्यांनी टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या. जुडग्याला दृष्ट लागू नये म्हणून निळा मणी बांधलेला होता. तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

आता दाढ. दाढ नव्हतीच. डाव्या काखेजवळ गाठ आहे. जुलैच्या अखेरीस हाताला लागली. मी म्हटलं, जाईल. गेली नाही. २१ तारखेला कापून काढणार आहेत, कसली आहे ते नंतर कळेल. डॉक्टर म्हणतो वेळेवर आलात. तो सगळ्यांनाच असं म्हणत असणार.

हे तुला सांगतेय कारण कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. दिवसा वर्गात मी नद्यांची नावं फळ्यावर लिहिते आणि डावा हात अंगाशी धरून ठेवते. घरी आले की मला दोनच गोष्टी दिसतात, ती काळी पट्टी आणि दवाखान्याची पांढरी चादर. आई गेली तर मी कुणाला सांगू की मला बरं वाटत नाही? आणि मी गेले तर आईला कोण सांगणार? वहिनी, मी मरणाला घाबरते. लिहिताना लाज वाटते, पण घाबरते. माझी अजून काहीच तयारी नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिच्या जिवाला आधीच तो काठ लागलाय, त्यात माझं नको. खोकला कसा आहे ते लगेच कळव. खरं कळव.

झांगुल


कोकबेल, १२ ऑक्टोबर

वन्सं,

हे पत्र तुमच्या हातात आईच देतील. त्यांना अक्षर दिसत नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते. आत कुर्ताबद्दल लिहिलंय असं त्यांना सांगितलंय. त्यांचा विश्वास बसला असेल असं वाटत नाही.

मला दोष देऊ नका. मी तुमचं पत्र जमेल तसं गाळून वाचलं. वाचून झाल्यावर आई म्हणाल्या, "बातिमा, माझी पोरगी कधीपासून इतकी सरळ बोलायला लागली? ती दोन वाक्यांआड एक टोमणा मारते. हे तू मनाचं वाचतेयस."

मी म्हटलं, "नाही हो आई, वन्सं आता शहाण्या झाल्यात."

"एवढ्या वर्षांत झाली नाही ती? बस इथे. सांग."

मला रडू फुटलं. वाटलं, निदान गाठीचं तरी वाचवू, म्हणून काठाचं सांगून टाकलं. वाटलं होतं आता या कोसळतील. मी पाण्याचा वाडगा हातात धरूनच बसले होते. त्यांनी दोरा चाचपावा तशी बोटं एकमेकांवर घासली. मग विचारलं, "टाका कसा आहे?"

"वन्सं म्हणतात सुरेख."

"मग उसवायला त्रास होणार."

मी म्हटलं, "आई, तुम्ही घाबरू नका."

तर माझ्यावर ओरडल्या. इतकी वर्षं मी या घरात आहे, एवढ्या मोठ्याने कधी ओरडल्या नव्हत्या. "माझं काय घेऊन बसलात? मी नुसता शिवला. माझा तुसकीझ माझ्या आईने शिवला होता, तो तिकडे मंगोलियात, ओल्गीच्या थंडीत कधीच विरून गेला. ज्याच्यासाठी शिवतात, जीव त्याचा असतो त्यात. हा झांगुलचा आहे. तिला काय झालंय?"

वन्सं, शप्पथ घेऊन सांगते, तोवर मी गाठीचा ग काढला नव्हता. माझ्या हातातला वाडगा सांडला. मग काय लपवणार होते?

तेव्हापासून त्या जेवल्या नाहीत. आपण दोघी त्यांच्यासाठी घाबरत होतो आणि त्या मे महिन्यापासून तुमच्यासाठी झुरत होत्या. वस्तू देऊन टाकली त्याच दिवसापासून मनात काही बरं नव्हतं, असं आता म्हणतात. खोकला आहे, तरी ऐकत नाहीत. तुमचे दादा घेऊन येताहेत. गाठोड्यात मेंढ्या कातरायची कात्री आहे, मी काढून ठेवली होती, त्यांनी परत घातली.

त्यांना सांभाळा. आणि स्वतःला.

बातिमा


अल्माटी, १९ ऑक्टोबर

वहिनी,

दादाला गोठ्याची काळजी, म्हणून तो आजच्या बसने निघतोय. हे त्याच्याबरोबर देतेय. तो तुला सगळं उलटसुलट सांगेल, म्हणून मीच लिहिते.

आईने चहासुद्धा घेतला नाही. म्हणाली, आधी तिकडे. संग्रहालयाच्या दारात चौकीदाराने गाठोडं उघडलं आणि ती कात्री बघून दोन पावलं मागे सरकला. काढून घेतली. मला वाटलं आई भांडणार. ती म्हणाली, "राहू दे, जाताना दे," आणि आत निघाली.

निळ्या चित्रापुढे थांबली. "याचं शिवायचं राहिलंय का?" टांगलेल्या समोवारांखाली मान वर करून म्हणाली, "कुणाच्या घरचं भांडण हे?" मला हसू आलं. पण माझ्या हातातला तिचा हात कोरडा, गरम होता.

तिसऱ्या दालनात एलेमेस साहेब होते. आदल्या दिवशीच परतलेले, बरोबर परदेशी पाहुणे, शेजारी संचालिकाबाई. साहेबांनी आईला लगेच ओळखलं. "आई, तुम्ही!" म्हणत दोन्ही हात पुढे करून आले. आईने आपले हात दिले नाहीत.

"छातीवर हात ठेवला होतास," ती म्हणाली. "आता खाली बघ."

साहेबांनी खाली बघितलं. वहिनी, त्या माणसाने कधी बघितलंच नव्हतं. वस्तू आणून दिली, दिवा लावून घेतला, विमानात बसला. बघितलं तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आला. तोही आपल्यातलाच, ओल्गीत नाही तर आणखी कुठे, पण त्याच्याही आजीने त्याला हेच सांगितलं असणार. संचालिकाबाई मध्ये पडल्या, "आम्ही जाणकारांना विचारून..." साहेब म्हणाले, "गप्प बसा."

तेवढ्यात मेरुएर्तबाई धावत आल्या. आईने त्यांचा हात चाचपला, बोटं चाचपली. "माझ्या नावाने पोळ्या तू करत होतीस?" त्या बिचाऱ्या रडायलाच लागल्या. आई म्हणाली, "तूप कमी घालत होतीस. माझं पोटच भरत नव्हतं."

मग चौकीदाराच्या स्टुलावर बसली, काळ्या पट्टीवरून बोट फिरवत फिरवत कोपऱ्यातली गाठ शोधली, खाली वाकली आणि दातांनी तोडली. तिच्या तोंडात उरलेत किती दात, तुला माहीत आहे. दोरा तुटल्याचा आवाज सगळ्या दालनात ऐकू आला. चौकीदार पुढे झाला, साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं.  मेरुएर्तबाई गुडघ्यावर बसल्या आणि दोघी मिळून ओढत गेल्या, एकीची बोटं, दुसरीची सुई. पाहुण्यांना वाटलं हा प्रदर्शनाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पट्टी निघाली. खाली ते जुनं साधं कापड, थोडं पिवळं पडलेलं. साहेब म्हणाले, "आई, घरी घेऊन जा. मला नको." आई म्हणाली, "दिलेलं परत न्यायला आलेय का मी? लोकांना बघू दे. फक्त बंद करू नकोस."

एवढं सगळं करेपर्यंत मला वाटत होतं की ही बाई कशालाच घाबरत नाही. बाहेर आलो. पायऱ्यांवर तिने माझा डावा हात धरला आणि तिचं सगळं अंग कापायला लागलं. दादाने शाल दिली तरी थांबेना. म्हणाली, "मला उशीर तर नाही ना झाला?"  मलाही तेच विचारायचं होतं.

परवा ऑपरेशन आहे.

झांगुल


अल्माटी, २४ ऑक्टोबर

बातिमा, पोरी,

हे अक्षर माझं नाही, मेरुएर्तचं आहे. ती रोज दवाखान्यात येते, रस्सा आणते. तूपही आता नीट घालते. मी बोलते तसं लिही, गाळू नकोस, असं तिला बजावलंय. तुझ्यासारखी सवय नको.

झांगुलला सोमवारी आत नेलं. त्याआधी डॉक्टर खाटेशी आला. अगदी पोरगेलासा, गालावर अजून दाढी धड नाही. मी त्याला विचारलं, "कापून झाल्यावर शिवणार ना?"

"शिवणार, आई."

"सगळं? टोकापर्यंत?"

झांगुलने लाजेने तोंड भिंतीकडे केलं. मला तिची लाज सांभाळायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "बाळा, मी अडाणी आहे असं समज. पण थोडं मोकळं सोड."

मला वाटलं हसेल. तो हसला नाही. खाटेच्या कडेला बसला आणि म्हणाला, "सोडतोच, आई. खाली थोडी जागा ठेवतो, नळी असते. आतलं वाईट पाणी त्यातून वाहून जातं. लगेच सगळं बंद केलं तर माणसाला त्रास होतो."

मी त्याचा हात धरून ठेवला. त्याला आत जायचं होतं तरी सोडवत नव्हता.

बाहेर बसले तेव्हा मी जितकी घाबरले तितकी तुझे सासरे गेले तेव्हाही घाबरले नव्हते. देवाशी काय काय बोलले ते मेरुएर्तला लिहू दिलं नाही.

झांगुल शुद्धीवर आलीय. गाठ कसली होती ते पुढच्या आठवड्यात कळेल. मला अजून भीती वाटते, नाही असं सांगणार नाही. पण काल तिने पाणी मागितलं, आणि मी सांडलं तर म्हणाली, "आई, तू संग्रहालयात दात शाबूत ठेवले असतेस तर निदान पेला तरी नीट धरला असतास." दातांचा आणि पेल्याचा काय संबंध? पण टोमणा तिचाच होता, म्हणून मला बरं वाटलं.

ती झोपल्यावर मी चादरीखाली हात घालून हळूच बोटाने चाचपून बघितलं. टाके बारीक आहेत, हात चांगला आहे पोराचा. खालचा काठ मोकळा आहे.